पापवा सेवगोलम: उलट्या हातांचा गोल्फर

उनाड_पुणेकर

परवा मेव्हणा जेवायला आला होता, मी गोल्फ लावून बसलो होतो. त्याच्या मते गोल्फ बघणं म्हणजे गवत वाढताना बघणं. तेवढ्यात जॉर्डन स्पीथ पट, म्हणजे चेंडू भोकात ढकलायचा हलका फटका, मारायला उभा राहिला आणि हा हातातली भाकरी तशीच ठेवून म्हणाला, अरे याने हात उलटे धरलेत की! लग्नाला अकरा वर्षं झाली, त्यात पहिल्यांदा त्याने गोल्फमधलं काहीतरी अचूक पकडलं.

पटिंगला असे हात आजकाल बरेच जण धरतात. पण एक माणूस असा होऊन गेला की ड्राइव्हपासून पटपर्यंत अख्खा खेळ याच उलट्या हातांनी खेळला आणि त्याच हातांनी डच ओपन तीनदा जिंकली, १९५९, १९६० आणि १९६४. नाव पापवा सेवगोलम, राहणार डर्बन, दक्षिण आफ्रिका. कागदोपत्री नाव Sewsunker, ते देवनागरीत लिहिलं की लगेच कळतं, सेवसंकर म्हणजे आपला शिवशंकर. सेवगोलम म्हणजे बहुधा शिवगुलाम. नाताळ प्रांतातल्या इंग्रज कारकुनाला जे ऐकू आलं ते त्याने लिहिलं आणि पुढच्या पिढ्यांना तेच आडनाव लागलं.

गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची, पोरं ही. उसाच्या मळ्यांसाठी माणसं घेऊन पहिलं जहाज, ट्रुरो, डर्बनला लागलं १८६० च्या नोव्हेंबरात, त्यानंतर पन्नास वर्षं जहाजं येत राहिली. पापवा त्यांच्यातल्याच एका गरीब घरातला. शाळा नावापुरती. लहानपणी झाडाच्या फांदीची काठी करून चेंडू मारायचा, थोडा मोठा झाल्यावर बीचवुडच्या गोऱ्यांच्या कोर्सवर कॅडी म्हणून लागला. म्हणजे बॅग उचलायची, हरवलेला चेंडू शोधायचा, साहेबाला कुठली क्लब, म्हणजे काठी, घ्यायची ते सांगायचं, आणि स्वतः मात्र तिथे खेळायचं नाही. बिगरगोऱ्यांच्या स्पर्धा वेगळ्या भरायच्या, तिथे हा गडी सगळ्यांना धुवायचा.

त्या बीचवुडवर ग्रॅहम वुल्फ नावाच्या गोऱ्या माणसाने त्याला खेळताना बघितलं. हा वुल्फ म्हणजे ज्याने डर्बनमध्ये ते गुलाबी ऑइल ऑफ ओले बनवलं तोच. हो, टीव्हीवर सुरकुत्या घालवतात ते ओले. त्याने याला युरोपात नेलं आणि पहिल्याच वर्षी, १९५९ ला, डच ओपन. त्याच वर्षी गॅरी प्लेअरने म्युअरफील्डला ब्रिटिश ओपन जिंकली, त्याची पहिली मेजर, म्हणजे गोल्फच्या चार सर्वात मोठ्या स्पर्धांपैकी एक. एका देशातले दोन गोल्फर एकाच मोसमात युरोपात जिंकतात आणि घरी परतल्यावर एकाला कुठल्याही कोर्सचं फाटक उघडं, दुसऱ्याला स्पर्धेत उतरायला सरकारी परवाना.

१९६३ मध्ये त्याने डर्बन कंट्री क्लबवर नाताळ ओपन जिंकली, गोऱ्यांच्यात खेळून. बक्षीस समारंभाला पाऊस आला. गोरे मंडळी क्लबहाऊसच्या आत. ग्रुप एरियाज कायद्यामुळे याला आत पाय ठेवता येत नव्हता म्हणून विजेत्याला ट्रॉफी बाहेर, भिजत. तो फोटो जगभर छापून आला. दोन वर्षांनी, १९६५ ला, तीच स्पर्धा परत जिंकली आणि या वेळी मागे टाकलं चक्क गॅरी प्लेअरला, ज्याने त्याच वर्षी यूएस ओपन जिंकून चारही मेजर पुऱ्या केल्या. यानंतर सरकारने पापवाला देशातल्या स्पर्धांची दारं बंद केली, पासपोर्टही काढून घेतला. १९७८ ला हार्ट अटॅकने गेला, तेव्हा हातात काही उरलं नव्हतं.

आता माझं दुखणं. या माणसाबद्दल जिथे जिथे वाचावं तिथे पाऊस, पाऊस आणि पाऊस. अरे पण तो आधी जिंकला होता ना, म्हणून तर तिथे भिजत उभा होता! चार दिवस तो काय खेळला, ते उलटे हात कसे चालायचे, यावर कोणी दोन ओळी लिहीत नाही. इथे गोल्फ खेळणारे कोणी असतील तर सांगा, हे शक्य कसं आहे?

झेंडूताई

मस्त धागा. मी लगेच लादी पुसायचा मॉप घेऊन बघितलं. नेहमीसारखा धरला तर डावा हात वर, उजवा खाली. तो उलटा केला, उजवा वर आणि डावा खाली, आणि फिरवला तर माझंच कोपर माझ्याच पोटात. शोकेसची काच थोडक्यात वाचली. हा माणूस याने चेंडू दोनशे यार्ड मारायचा?

खडूस

चालू द्या. बाकी गोल्फ म्हणजे बिल्डर आणि कलेक्टर यांचा खेळ, त्यावर मराठी माणसाने धागा काढावा हे बघून डोळे पाणावले.

नऊखड्डी

@खडूस, बिल्डर आणि कलेक्टर खेळतात तेव्हा त्यांची बॅग कोण उचलतं ते कधी बघितलंय का? मी पुण्यात गेली चौदा वर्षं खेळतोय, म्हणजे खेळतोय म्हणायला, हॅन्डिकॅप विचारू नका. आमचा कॅडी तेवीस वर्षांचा आहे आणि मला जेवढं आयुष्यात जमणार नाही तेवढं त्याला सोमवारी जमतं. सोमवारी कोर्स मेंबरांना बंद असतो तेव्हा या पोरांना खेळू देतात. उधारीच्या क्लबा, कुणीतरी दिलेले एक नंबर मोठे बूट. एकदा ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवतावर, मी म्हटलं सरळ आहे, तो म्हणाला सर डावीकडून दोन कप, म्हणजे भोकाच्या दोन रुंदीएवढं डावीकडे धरून. मी शहाणपणा करून सरळ मारला. चेंडू उतारावरून जो सुटला तो ग्रीनच्या बाहेर. पोरगं काही बोललं नाही, फक्त फ्लॅग हातात धरून दुसरीकडे बघत राहिलं.

आपल्याकडचा मोठा दाखला म्हणजे अली शेर. दिल्लीच्या कोर्सवर कॅडी होता, १९९१ ला इंडियन ओपन जिंकला, ती जिंकणारा पहिला भारतीय प्रोफेशनल. १९९३ ला परत. तेव्हा हा खेळ कोणाचा आहे ते नीट बघून ठरवा.

आता उनाडरावांचा प्रश्न. क्रिकेटच्या भाषेत सांगतो. राईट हॅन्डर बॅट धरतो तेव्हा डावा वर, उजवा खाली. लेफ्टी उलटं. पापवा उभा राहायचा राईट हॅन्डरसारखा पण पकड लेफ्टीची. यात काय होतं, डावं मनगट दांड्याच्या खालच्या बाजूला आल्यामुळे चेंडूला क्लब लागताना ते मनगट मोडत नाही, क्लबचं तोंड सरळ राहतं. म्हणूनच पटिंगला लोक असं धरतात, तिथे ताकद नको, सरळ रेषा हवी. पण पूर्ण स्विंगला हात मागे नेताना खांदा अडकतो, झेंडूताईंचं कोपर पोटात गेलं ते उगाच नाही. शिवाय उजव्या हाताचा शेवटचा फटका, तो जो सपकन येतो, तो मिळत नाही. मग अंतर आणायचं कुठून? माझ्या मते अंगाच्या वळण्यातून आणि हजारो वेळा मारून मारून बसलेल्या टायमिंगमधून. कोच असता तर पहिल्याच दिवशी हात सुलटे करून घेतले असते आणि मग कदाचित पापवा नावाचा कोणी झालाच नसता.

उनाड_पुणेकर

@नऊखड्डी, हेच हवं होतं! डावीकडून दोन कप लक्षात ठेवतो.

बॅकफूट_पंच

सेव्हे बायेस्तेरोस आठवला. तोही कॅडी, स्पेनमधल्या पेद्रेन्याचा, समुद्रकिनाऱ्यावर एकाच तीन नंबरच्या आयर्नने, म्हणजे लोखंडी तोंडाच्या क्लबने, शिकलेला. एकाच क्लबने सगळे शॉट मारायची सवय असल्यामुळे पुढे कार पार्कातून वगैरे बर्डी (ठरल्यापेक्षा एक फटका कमी) काढायचा. आणि गंमत बघा, सेव्हेने पण डच ओपन तीनदाच जिंकली, १९७६, ८० आणि ८६. त्यातली ७६ ची म्हणजे त्याची युरोपियन टूरवरची पहिली. पुढे सेव्हे ऑगस्टाला मास्टर्स जिंकला, सेंट अँड्र्यूजला ब्रिटिश ओपन जिंकला, युरोप विरुद्ध अमेरिका अशा रायडर कपचा चेहरा झाला. पापवाला ते पुढचं मिळालंच नाही. त्याचा ब्रिटिश ओपनमधला सर्वात चांगला नंबर १९६३ ला रॉयल लिदमवर, बरोबरीत तेरावा. ती ओपन जिंकली न्यूझीलंडच्या बॉब चार्ल्सने, तो डावखुरा! म्हणजे त्या आठवड्यात लिदमवर पुस्तकाबाहेरचे हात बरेच चालले.

आता जरा वेगळं. ट्रॉफी बाहेर दिली हे वाचताना मला पहिल्यांदा डर्बन आठवलंच नाही, पुणं आठवलं. पालवणकर बाळू. चांभार समाजातला, डावखुरा स्पिनर, पुण्यात साहेबांच्या जिमखान्यावर रोलर फिरवायचा आणि ग्रेग नावाच्या गोऱ्या बॅट्समनला नेटमध्ये तासन्तास बोलिंग टाकायचा. पुढे हिंदूंच्या टीममध्ये घ्यावाच लागला कारण त्याच्याशिवाय युरोपियनांची दांडी उडवणार कोण. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सगळे हातात घ्यायचे पण चहाच्या वेळी बाकीचे आत आणि बाळूला पॅव्हेलियनच्या बाहेर मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर विकेटा काढल्या. कप्तानपद त्याला शेवटपर्यंत दिलं नाही, ते १९२३ ला त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळालं. तिथे गोरे आत होते आणि इथे आपणच आत होतो एवढं फक्त नोंदवून ठेवतो.

मीनाक्षी७४

बॅकफूट, शेवटच्या वाक्याला +१. बाळू आणि बाबासाहेब १९३७ च्या निवडणुकीत समोरासमोर होते हे माहीत होतं पण मातीच्या भांड्याचं नव्हतं माहीत. आमच्या आजीकडे पडवीच्या कोनाड्यात एक कप वेगळा ठेवलेला असायचा, कान तुटलेला. लहानपणी मला वाटायचं तुटलाय म्हणून वेगळा ठेवलाय.

खडूस

सगळं खरं असेल पण पाऊस काही सरकारने पाडला नव्हता. समारंभ उघड्यावर ठरला असेल, पाऊस आला, फोटोग्राफरने साधून घेतलं. फोटोवरून इतिहास ठरवायचा म्हटलं तर कठीण आहे.

जोबर्गकर

खडूस काका, मी इथे जोहान्सबर्गला सोळा वर्षं आहे म्हणून जरा लिहितो. पाऊस सरकारने नाही पाडला पण छप्पर सरकारने काढून घेतलं होतं ना. ग्रुप एरियाज कायदा म्हणजे नुसतं कोण कुठे राहणार एवढंच नव्हतं, गोऱ्यांच्या जागेत बिगरगोऱ्याने कोणत्या कामासाठी वावरायचं तेही त्यात आलं. वेटर म्हणून ट्रे घेऊन आत गेला असता तर चाललं असतं! विजेता म्हणून नाही चालत. तेव्हा पाऊस नसता आला तरी तो बाहेरच असता, फक्त कोरडा असता आणि मग फोटो कोणी छापला नसता.

डर्बनला आता त्याच्या नावाचा कोर्स आहे, पापवा सेवगोलम गोल्फ कोर्स, रेझरव्हॉयर हिल्सच्या बाजूला उमगेनी नदीच्या काठाने. आमच्या ऑफिसात डर्बनचा एक साठीचा गृहस्थ आहे, तमिळ घरातला, त्याला मी विचारलं पापवा माहीत आहे का, तर त्याने काही न बोलता टेबलावरची पट्टी उचलली आणि उलट्या हातांनी धरून दाखवली. म्हणाला लहानपणी आम्ही गल्लीत सगळे असंच धरायचो, नीट कसं धरतात ते नंतर कळलं.

उनाड_पुणेकर

बास! माझ्या दुखण्यावर औषध मिळालं. कोणीतरी पावसाच्या आधी हात आठवले.

झेंडूताई

गॅरी प्लेअरचं काय पण? तो तर फार सज्जन वगैरे म्हणून ऐकलंय, नव्वदीला आला तरी व्यायाम करतो म्हणे. त्याने काही केलं नाही का आपल्या देशबांधवासाठी?

बॅकफूट_पंच

@झेंडूताई, खेळाडू म्हणून प्लेअरबद्दल वादच नाही, नऊ मेजर, आणि विमानप्रवास इतका की त्या काळी कोणी केला नसेल. पण १९६६ च्या आपल्या पुस्तकात त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की मी फेरवूर्डच्या (तेव्हाचा पंतप्रधान) आणि वर्णभेदाच्या दक्षिण आफ्रिकेचा आहे. तारीख बघा, पापवाकडून हरल्याच्या पुढच्याच वर्षी. त्याची फळं भोगली. १९६९ ला डेटनला पीजीए चॅम्पियनशिपमध्ये निदर्शकांनी त्याच्या अंगावर बर्फ काय, टेलिफोन डिरेक्टरी काय, वाट्टेल ते फेकलं. ती स्पर्धा तो एका स्ट्रोकने हरला, रे फ्लॉइड जिंकला. मग १९७१ ला त्याने ली एल्डर या काळ्या अमेरिकन गोल्फरला दक्षिण आफ्रिकेत खेळायला बोलावलं आणि पुढे आपले जुने विचार चुकीचे होते असंही जाहीरपणे म्हणाला. हे सगळं धरूनच माणूस मोजावा. मला फक्त एक टोचतं, एल्डर अमेरिकेतून येऊन तिथे खेळला तेव्हा पापवा डर्बनमध्येच होता.

खडूस

हे मात्र लागलं.

नऊखड्डी

अमेरिका तरी कुठे धुतल्या तांदळाची होती. त्यांच्या पीजीएच्या, म्हणजे व्यावसायिक गोल्फरांच्या संघटनेच्या, घटनेत फक्त गोऱ्यांनाच सभासद करायचं असं कलम छापलेलं होतं, ते निघालं १९६१ च्या नोव्हेंबरात, चार्ली सिफर्डने भांडून भांडून वय काढल्यावर. मास्टर्समध्ये पहिला काळा खेळाडू उतरला १९७५ ला, तोच ली एल्डर. ऑगस्टाने पहिला काळा मेंबर घेतला १९९० ला. आणि १९९७ ला टायगर वुड्स तिथेच बारा स्ट्रोकने जिंकला. तेव्हा कपडे मात्र आत नेऊन घातले हो त्याला, विजेत्याचा हिरवा कोट.

आणि गिरमिटाच्या वाटेवरचा दुसरा माणूस विसरू नका, फिजीचा विजय सिंग. तीन मेजर, २००४ मध्ये नऊ स्पर्धा जिंकून टायगरला खाली खेचून जगात एक नंबर. उसाच्या मळ्यातनं आलेल्या लोकांचं आणि गोल्फच्या गवताचं काहीतरी जुळतं बहुतेक, हे आपलं माझं निरर्थक संशोधन.

मीनाक्षी७४

त्या फोटोमुळे बहिष्कार सुरू झाला असं वाचलं, खरं का?

बॅकफूट_पंच

एका फोटोने नाही झाला, पण हाताशी पुरावा आला असं म्हणू. आपण तर १९४६ पासूनच त्यांच्याशी व्यापार तोडला होता. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचं आमंत्रण रद्द झालं. १९६८ ला बेसिल डॉलिव्हेरा प्रकरण, दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला बिगरगोरा, इंग्लंडकडून खेळायचा; ओव्हलला १५८ मारून आधी दक्षिण आफ्रिका दौऱ्यातून वगळला, मग दुसरा जखमी झाल्यावर घेतला, तर तिथला पंतप्रधान फोरस्टर म्हणाला ही टीम नको, दौराच रद्द. १९७० नंतर क्रिकेटमधून बाहेरच, ते थेट १९९१ च्या नोव्हेंबरात ईडन गार्डन्सला परत आले. ऑलिंपिकला १९९२, बार्सिलोना. गोल्फची गोची अशी की यात टीम नसते, एकटा माणूस बॅग घेऊन विमानात बसतो, त्यामुळे प्लेअर जगभर खेळतच राहिला. बाहेरच्या जगाने त्याला अडवलं नाही आणि घरच्या सरकारने पापवाला अडवलं.

जोबर्गकर

१९७४ चं टेनिसचं डेव्हिस कप राहिलं की! भारत फायनलला पोचला होता, समोर दक्षिण आफ्रिका, आणि आपण खेळायलाच गेलो नाही. हातातला कप सोडला. विजय अमृतराजची टीम ती. सेमीफायनल तर आपल्या पुण्यात झाली होती, सोव्हिएत रशियाला हरवलं. माझे बाबा सायकलवर डबलसीट बघायला गेले होते, ते अजून सांगतात. फायनल सोडल्याचं मात्र त्यांना अजून पटत नाही, म्हणतात आधी हरवायचं आणि मग तत्त्व सांगायचं.

खडूस

बाबांशी सहमत.

उनाड_पुणेकर

बाबांचं म्हणणं मला पापवाला धरून पटतं बघा. त्याने १९६३ ला जिंकून दाखवलं, वर १९६५ ला जगातल्या सर्वोत्तमांपैकी एकाला त्याच्याच देशात मागे टाकलं, तेव्हाच सरकारची पंचाईत झाली. हरणारा बिगरगोरा चालत होता, परवाना मिळत होता. जिंकायला लागल्यावर परवाना बंद. नंतर तर प्रेक्षक म्हणूनही कोर्सवर यायची बंदी. दोरीच्या अलीकडे उभं राहून बघायचं पण नाही!

अवांतर: अनिर्बान लाहिरीचा जन्म पुण्याचा, २०१५ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये तो बरोबरीत पाचवा आला होता. मेव्हण्याला सांगितलं तर म्हणाला, त्याचे हात सुलटे का?

नऊखड्डी

काल संध्याकाळी ड्रायव्हिंग रेंजवर गेलो आणि एक बादली चेंडू पापवा पद्धतीने मारले. साधारण पन्नास चेंडू. पहिले वीस जमिनीवरून सरपटत गेले, तीन हवेतच मारले, एक शेजारच्याच्या मॅटवर, त्याने बघितलं, मी माफी मागितली. एकतिसावा का बत्तिसावा असेल, सात नंबरच्या आयर्नने असा सरळ गेला की मी आयुष्यात तेवढा सरळ मारलेला नाही. फार लांब नाही गेला, शंभर यार्डांच्या पाटीच्या जरा पुढे. पण सरळ, दोरी धरल्यासारखा. मागे वळून बघितलं तर आमचा कॅडी उभा. म्हटलं बघितलंस? म्हणाला, बघितलं सर, परत मारा.

परत नाही बसला.

झेंडूताई

मॉपचा दांडा वाकलाय. नवीन आणायला निघालेय, धागा वर ठेवा.